कामाच्या जागी समान वागणूक: फळ्यावर कोणते मराठी शब्द लिहू?

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. शब्दांसाठी मदत हवी आहे.

चाकणजवळच्या एका छोट्या कारखान्यात मी कर्मचारी विभाग बघते. गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनतात आमच्याकडे. दीडशे माणसं, त्यातल्या नव्वदेक बाया-मुली, बहुतेक मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेल्या. आमच्याकडून माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीने अट घातली की समान संधीचं धोरण कामगारांच्या भाषेत फळ्यावर लावा. इंग्रजी मसुदा चार पानी. त्याचा कुणीतरी करून दिलेला तर्जुमा हातात आला, त्यातली पहिलीच ओळ होती, 'आम्ही समान संधी नियोक्ता आहोत.' आमच्याकडे नियोक्ता कुणी म्हणत नाही. मालक म्हणतात, शेठ म्हणतात, नाहीतर नुसतं 'कंपनी'.

घाई होती, म्हणून तोच कागद लावला. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत लाइनवरची एक ताई फळ्यापुढे उभी राहून बोटाने एकेक शब्द लावत वाचत होती. 'कोणताही भेदभाव न करता' इथे बोट थांबलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, म्हंजे पॅकिंगच्या पोरांइतकी हजेरी आमाला बी मिळणार का?"

मला उत्तर देता आलं नाही. पॅकिंगच्या मुलांना रोजचे ४० रुपये जास्त आहेत. का आहेत, ते मला माहीत नव्हतं.

तो कागद मी काढला. आता नव्याने लिहायचाय, आणि असा की वाचणाऱ्याला कळेल आणि लिहिणाऱ्याला पळवाट उरणार नाही. 'डिस्क्रिमिनेशन', 'हॅरॅसमेंट', 'ग्रीव्हन्स', 'रिझनेबल अकोमोडेशन' (म्हणजे अपंग कामगाराला काम करता यावं म्हणून करायची वेगळी व्यवस्था) यांना तुमच्या कामाच्या जागी लोक काय म्हणतात? शब्दकोशातलं नको, तोंडातलं सांगा.

दोन_डबे | सोमवार, रात्री ९.४१

भेदभाव चांगला आहे की. सगळ्यांना कळतो. त्या ताईंना तर फारच नीट कळला.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०.१५

मी निवृत्त मराठी शिक्षक, वाईचा. आपल्या भाषेत यासाठी एक अस्सल शब्द आहे, पंक्तिप्रपंच. सगळ्यांना एकाच पंगतीत बसवायचं, पान सारखं मांडायचं, आणि तूप वाढताना एकाच्या भातावर धार धरायची नि पुढच्याच्या पानावर वाटी नुसती टेकवायची. लांबून पाहणाऱ्याला सगळे जेवताना दिसतात. फरक कळतो तो फक्त शेजारच्या पानाकडे नजर गेली की. पाटीपेन्सिलताई, तुमच्या ४० रुपयांचं दुखणं नेमकं हेच आहे. एकच छप्पर, एकच भोंगा, एकच चहा, आणि पगाराच्या दिवशी वाढप्याचा हात बदलतो.

बोलीत 'डावं-उजवं करणं' आहे, 'सापत्नभाव' आहे, 'दुजाभाव' आहे. यातले दोन-तीन तरी वापरा.

नागसेनवन | सोमवार, रात्री ११.०२

कृष्णाकाठ सर, शब्द सुंदर आहे, तुमच्याबद्दल आदरही आहे. तरी हा शब्द फळ्यावर नको असं मनापासून वाटतं. पंक्तिप्रपंच ही पंगतीत बसलेल्या माणसाची तक्रार आहे. माझ्या आजीला पंगत उठल्यावर मांडवाबाहेर वाढायचे. तिच्यासाठी तूप कमी-जास्त होण्याचा प्रश्नच नव्हता.

कारखान्यातलंच उदाहरण देतो. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, कमाई चांगली होती. तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातल्या, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातल्या, कांडीचा धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि त्यांचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. म्हणून ही माणसं कमी मजुरीच्या खात्यांत अडकली. बाबासाहेबांनी १९२८च्या संपाच्या वेळी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता की साचेखात्याचा दरवाजा आमच्या माणसांना कधी उघडणार? कामगारांच्या एकजुटीत हा मुद्दा मावत नाही असं वाटणारे तेव्हाही पुष्कळ होते.

'समान संधी' म्हणजे मला तो दरवाजा. वाढप्याचा हात त्याच्या पुढची गोष्ट. आणि शब्दच हवा असेल तर 'समता' आहे ना. १९२७चं समता सैनिक दल, १९२८चं 'समता' पाक्षिक. हा शब्द आमच्या वस्तीत लहान पोरालाही समजावून सांगावा लागत नाही.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११.३०

नागसेनवन, तुम्ही बरोबर आहात. चाळीस वर्षं हा शब्द वर्गात शिकवला, पंगतीबाहेरून तो कसा ऐकू येतो याचा विचार केला नव्हता. मी सुचवणी मागे घेतो.

दोन_डबे | मंगळवार, सकाळी ७.५०

शंका. समता आणि समानता यात फरक काय? राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत 'दर्जाची व संधीची समानता' आहे.

नागसेनवन | मंगळवार, सकाळी ८.२०

माझ्या कानाला असं वाटतं की समानता मोजता येते, इतके रुपये, इतक्या जागा, इतके तास. समता वागण्यात असते. पगार सारखा करून चहाचा कप वेगळा ठेवला तर समानता आली, समता आली नाही. फळ्यावर दोन्ही लागतील.

अंगणवाडीचा_चुन्ना | मंगळवार, दुपारी २.३५

पोरं झोपलीत तोवर लिहून घेते.

तुम्ही कुठले शब्द घालायचे ते शोधताय, मी एक काढायचा सुचवते: मानधन. एकोणीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. पोरांची वजनं-उंची घ्यायची, पोषण आहार द्यायचा, गरोदर बायांच्या घरी जायचं, नोंदी आधी रजिस्टरांत आणि आता मोबाईलवर भरायच्या, शिवाय गावात सर्वेक्षण कुठलंही निघो, पहिली हाक आम्हाला. योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली, पन्नास वर्षं होऊन गेली. आणि दर महिन्याला हातात पडतं त्याला पगार म्हणायचं नाही. का, तर मान देऊन दिलेलं धन. पाहुण्या व्याख्यात्याला शाल-नारळासोबत जे पाकिटात देतात तो शब्द आम्हाला लावलाय.

नावं बघा आमची. सेविका, मदतनीस. आशाताई तर स्वयंसेविका, त्यांना मिळतो 'कामावर आधारित मोबदला'. शाळेत नवा मास्तर लागला तर तो पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, त्यालाही मानधन. सेवा म्हटली की तास मोजायचे नाहीत, रजा मागायची नाही, म्हातारपणाचं विचारायचं नाही.

२०२२च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या अंगणवाडीतायांच्या खटल्यात सांगितलं की यांना ग्रॅच्युइटी लागू होते, आणि हातात पडणारं मानधन हे त्या कायद्याच्या दृष्टीने वेतनच. बातमी आली त्या दिवशी आमच्या बीटमधल्या सगळ्याजणी फोनवर एकमेकींना तेच एक वाक्य वाचून दाखवत होत्या.

म्हणून ताई, फळ्यावर पगार लिहा. स्पष्ट लिहा.

पाटीपेन्सिल | मंगळवार, दुपारी ३.१०

ताई, आमच्याकडे शिकाऊ मुलींना 'विद्यावेतन' म्हणतात. दोन-दोन वर्षं लाइनवर पूर्ण पाळी करणाऱ्या मुलीसुद्धा त्यात आहेत. तुमचं वाचून ती यादी आत्ता उघडली आहे.

मालवणी_भाकर | मंगळवार, दुपारी ४.००

'ग्रीव्हन्स'चं सांगतो. आमच्या कार्यालयात पाटी आहे, 'गाऱ्हाणे निवारण कक्ष'. मी देवगडचा. आमच्याकडे गाऱ्हाणं देवाला घालतात, नारळ ठेवून, 'बा देवा म्हाराजा' म्हणत. आई एकदा कार्यालयात आली, ती पाटी वाचली आणि चप्पल बाहेर काढून हात जोडूनच आत गेली. आतल्या बाई इतक्या गोंधळल्या की त्याही उठून उभ्या राहिल्या. तक्रार म्हणा हो. सरळ तक्रार.

दोन_डबे | मंगळवार, दुपारी ४.०६

आईंना नमस्कार सांगा. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

मांडवीपार | मंगळवार, संध्याकाळी ५.२५

गोव्यातही गाऱ्हाणं देवालाच. आणि तिथे साहेबापुढेही देवापुढे उभं राहावं तसं उभं राहायची सवय जुन्या माणसांना होती. माझ्या आजोबांची पिढी मुंडकार होती, म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जमिनीवर घर. काही मागायचं तर आधी विनवणी. १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आला, त्यानंतरही आजोबा भाटकाराच्या अंगणात शिरताना डोक्यावरची टोपी काढायचेच. तक्रार आणि गाऱ्हाणं यात फरक आहे तो मानेचा. तक्रार मान वर करून करता येते.

बालाघाट | मंगळवार, रात्री ९.५०

मी बीड जिल्ह्यातला. आईवडील ऊसतोडीला जायचे, मी पण लहानपणी फडात वाढलो.

आमच्या बोलीतला एक शब्द सांगतो: कोयता. कोयता म्हणजे हत्यार नाही. कोयता म्हणजे नवराबायको. दोघं मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर अर्धा. मुकादम दिवाळीआधी उचल देतो ती कोयत्यावर, हिशेब धरतो तो कोयत्यावर. मुकादमाच्या वहीची ओळ मला अजून दिसते. डावीकडे वडिलांचं नाव, पुढे '१ कोयता', पुढे उचल, त्यापुढे वडिलांचा अंगठा. आईचं नाव त्या वहीत कुठेच नव्हतं.

वडील तोडायचे. आई पाचट काढायची, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायची. पहाटे तीनला उठून भाकरी तिच्याच, रात्री पाणी तिच्याच डोक्यावर. एक दिवस आजारी पडली तर खाडा, आणि तो पूर्ण कोयत्याचा कापला जायचा. २०१९ मध्ये आमच्या भागातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला, चौकशी समिती नेमली गेली. बाहेरच्यांना धक्का बसला. ज्यांच्या घरात खाडा हा शब्द रोज बोलला जातो त्यांना पाळीच्या चार दिवसांची किंमत आधीपासून माहीत होती.

तर पाटीपेन्सिलताई, कायद्याचे शब्द लिहाल तेव्हा हजेरीपटावर प्रत्येक बाईचं नाव तिच्या स्वतःच्या नावाने आहे का, पैसे तिच्या खात्यात जातात का नवऱ्याच्या, तेवढं आधी बघा.

अंगणवाडीचा_चुन्ना | मंगळवार, रात्री १०.०५

दादा, तुमच्या आईंचं नाव काय हे विचारणार होते. इथे नका लिहू, पण मनात विचारलंय.

लेथमशीन | बुधवार, सकाळी १०.४०

माझं छोटं वर्कशॉप आहे, चौदा माणसं, म्हणून मालकाच्या बाजूने लिहितो. पॅकिंगमध्ये खोकी उचलावी लागतात, ट्रकमध्ये चढवावी लागतात. अंगमेहनत जास्त असेल तर ४० रुपये जास्त देणं हा भेदभाव होत नाही. काम वेगळं, दाम वेगळा. प्रत्येक फरकाला अन्याय म्हटलं तर 'अन्याय' या शब्दाची धार जाते. कोपरखळी म्हणून नाही लिहीत, खरंच तसं वाटतं.

तारीखपेतारीख | बुधवार, दुपारी १.१५

कामगार न्यायालयात वकिली करतो. लेथमशीन यांचा मुद्दा कायद्यालाही मान्य आहे, पण अर्धाच.

१९७६च्या समान वेतन कायद्यात शब्द होते 'तेच काम किंवा समान स्वरूपाचं काम'. तो कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू आहे. 'समान स्वरूपाचं' हे दोन शब्द सगळ्या भांडणाचं मूळ. टेबलाचं नाव वेगळं, खात्याचं नाव वेगळं, एवढ्याने काम वेगळं ठरत नाही. कसब, मेहनत, अनुभव, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती या सगळ्यांचा विचार होतो. म्हणजे खोकी खरोखर जड असतील तर फरकाला आधार मिळू शकतो. पण ती जड आहेत हे कुणी तोलून पाहिलंय का? माझ्या अनुभवात फार कमी ठिकाणी तोललेलं असतं. 'पुरुषाचं काम' असं म्हटलं की ते जड, हे आधीच ठरलेलं असतं.

दुसरं, फरक मिटवायला पोरांची हजेरी कमी करता येत नाही. कायद्यात तशी स्पष्ट मनाई आहे. वाढवायचीच.

आणि घटनेच्या अनुच्छेद ३९मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन हे राज्याच्या धोरणाचं तत्त्व म्हणून आहे. १९८२ साली दिल्ली पोलिसांतल्या एका चालकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला समानतेच्या हक्काच्या अनुच्छेद १४ आणि १६चा आधार दिला. तो माणूस साधा ड्रायव्हर-शिपाई होता. दुसऱ्या खात्यांतल्या ड्रायव्हरांना जास्त मिळतं, मला का नाही, एवढाच त्याचा सवाल होता. तुमच्या लाइनवरच्या ताईंचाही तोच आहे.

शेवग्याची_शेंग | बुधवार, दुपारी २.२०

'हॅरॅसमेंट'बद्दल. 'लैंगिक छळ' हा कायद्याचा शब्द, तो राहू द्या, पण त्याच्याखाली फोडून लिहा. आमच्याकडे पोस्टरवर एवढे दोनच शब्द होते आणि मुली लाजून पुढे जायच्या. 'छेडछाड' मात्र अजिबात नको, तो शब्द थट्टेसारखा ऐकू येतो. आम्ही असं लिहिलं: 'नको असताना अंगाला हात लावणे, लगट करणे, घाणेरडं बोलणे, मोबाईलवर घाणेरडं दाखवणे, माझं ऐकलंस तर कायम करतो असं म्हणणे.' शेवटचं वाक्य वाचून तीन मुली आल्या. तिघीही एकाच सुपरवायझरबद्दल.

अशा तक्रारी ऐकणाऱ्या समितीला आमच्याकडे सगळे 'विशाखा समिती'च म्हणतात. लैंगिक छळाबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या निकालाचं नाव तोंडात बसलंय. तो खटला ज्या भंवरीदेवींमुळे उभा राहिला, त्या राजस्थानात 'साथिन' होत्या, गावपातळीवर सरकारचं काम करणाऱ्या. अंगणवाडीताई, तुमच्याच बिरादरीतल्या.

तारीखपेतारीख | बुधवार, दुपारी २.४५

शेवग्याची शेंग, उत्तम लिहिलंत. भर घालतो. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे समिती बंधनकारक, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, एक सदस्य बाहेरची. आधी नाव 'अंतर्गत तक्रार समिती' होतं, २०१६ला त्यातला 'तक्रार' गेला. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. पण लिहिता येत नसेल तर समितीने मदत करून लिहून घ्यायची असते. हे वाक्य फळ्यावर हवंच.

भिंगाचा_चष्मा | बुधवार, संध्याकाळी ६.३०

मला दृष्टी फार कमी आहे, बँकेत आहे. 'रिझनेबल अकोमोडेशन'ला कृपा करून 'सवलत' म्हणू नका. रुजू झालो तेव्हा संगणकावर पडदा वाचणारं सॉफ्टवेअर मागितलं. शाखेतले साहेब भले होते, म्हणाले, "देऊ हो, तुमच्यासाठी एवढी सवलत करू." सगळ्यांना दिव्याखाली बसून काम करता येतं, ती सवलत नसते. मला आवाजावर काम करता येतं, तेवढी मात्र सवलत होते. मी 'सोय' म्हणतो. वाजवी सोय. जिना आहे तशी ती.

दिव्यांग की अपंग, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. २०१६चा कायदा मराठीत दिव्यांग म्हणतो. मला स्वतःला माझ्या डोळ्यांत काही दिव्य आहे असं वाटत नाही. त्या कायद्याने सरकारी नोकरीतली राखीव जागा तीनवरून चार टक्के केल्या, ते मला नावापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

नागसेनवन | बुधवार, संध्याकाळी ७.१०

'राखीव जागा' लिहिलंत, बरं वाटलं. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ला निम्म्या जागा राखल्या त्या हक्काच्या. हल्ली 'सवलत' हा शब्द तिथेही घुसलाय.

दोन_डबे | बुधवार, रात्री ८.००

हक्क की अधिकार?

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ८.२५

मराठी घटनेत 'मूलभूत हक्क' आहे. अधिकार ज्याच्याकडे असतो त्याला आपण अधिकारी म्हणतो. कामगाराचा हक्क, साहेबाचा अधिकार. मराठीने हा फरक जपलाय, तो पुसू नका.

चार_घरं | बुधवार, रात्री १०.४०

मुलगी टाइप करून देतीये. मी पुण्यात चार घरची धुणीभांडी करते. सरकार आम्हाला 'घरेलू कामगार' म्हणतं, २००८च्या कल्याण मंडळाच्या कायद्यात तसंच आहे. चांगलंय, कामगार तरी म्हटलं. पण आमच्या जुन्या बायांनी १९८०ला संप केला तेव्हा स्वतःच्या संघटनेचं नाव 'मोलकरीण संघटना' ठेवलं. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण, मग त्यात लाज कसली. लाज येते ती 'आमच्या घरातलीच आहे' म्हणतात आणि बोनस विचारला की गप्प बसतात तेव्हा.

पाटीपेन्सिल | शनिवार, दुपारी १२.३०

चार दिवस गप्प होते, कारण तराजू शोधत होते.

तारीखपेतारीख दादांचं वाचून गोदामातला काटा पॅकिंगमध्ये आणवला. भरलेलं खोकं ११ किलो ४०० ग्रॅम. मग लाइनवर गेले. मुली वायरची रिळं रॅकवरून उचलून मशीनला लावतात, पाळीत प्रत्येकी आठ-नऊ वेळा. एक रीळ काट्यावर ठेवलं, १४ किलो भरलं. काट्याभोवती दहा-बाराजणी जमल्या होत्या, कुणी काही बोललं नाही. एकीने फक्त रीळ परत उचलून जागेवर ठेवलं.

दोन्ही वजनं, दोन्ही हजेऱ्या आणि दोन वर्षांपासून 'शिकाऊ' असलेल्या सहा मुलींची यादी असं एका कागदावर लिहून मालकांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. पुढच्या महिन्याच्या पगारात बघू म्हणाले. बघू म्हणजे काय, असं मी विचारलं, तर कागदावर सही करून तारीख घातली. लेथमशीन दादा, तुमच्यामुळे तोलायचं सुचलं, आभार.

फळ्याचा मसुदा असा झालाय:

'सारख्या कामाला सारखा पगार. बाई म्हणून, जातीवरून, धर्मावरून, अपंगत्वावरून कामावर घेताना, पगार देताना, कायम करताना डावं-उजवं केलं जाणार नाही. ज्याला कामासाठी वेगळी सोय लागते त्याने मागावी, ती देणं कंपनीचं काम आहे. हे तुमचे हक्क आहेत. तक्रार करणाऱ्याला त्रास दिला जाणार नाही. लिहिता येत नसेल तर समिती लिहून घेईल.' त्याखाली शेवग्याच्या शेंगेची यादी जशीच्या तशी.

लावण्याआधी त्याच ताईंना वाचायला दिला. पुन्हा बोट ठेवून वाचलं. 'पगार' खोडून 'हजेरी-पगार' करायला सांगितलं, कारण रोजंदारीवाल्यांना नुसता पगार म्हटलं की कायम माणसांचं वाटतं. मग विचारलं, "तक्रारीची पेटी कुठं ठिवणार?"

मी म्हटलं, माझ्या केबिनबाहेर.

"तिथं नगं. तिथं कोण गेलं ते समद्यास्नी दिसतं. बायांच्या मोरीपाशी ठिवा, पाण्याच्या पिंपामागं."

सुतार सोमवारी येतोय.